मानवली नाही

चहावर लहर नव्हती.

कप काठापर्यंत भरलेला होता. यजमानांनी तो बशीतून उचलून तोंडाला लावेपर्यंत चहाचा पृष्ठभाग सपाट राहिला. मी ओट्याशी उभी राहून पाहत होते. तीन वर्षं त्या कपात मी रोज बारीक वर्तुळं पाहत आले होते. चालू पंपाशेजारी पाण्याची बादली ठेवली की तिच्यात उठतात तशी. एकसारखी, न थांबणारी. त्या सकाळी ती नव्हती.

"हात थांबला की हो तुमचा," मी म्हटलं.

यजमानांनी कप खाली ठेवला, उजवा हात माझ्यापुढे धरला आणि बोटं पसरली. "बघ. काल सबमर्सिबल मोटारीची अख्खी वाइंडिंग एकट्यानं भरली. एक वेढा इकडचा तिकडं नाही."

"डॉक्टर तर म्हणाले होते, थरथर राहणारच."

"डॉक्टर काय, म्हणतात. तू आपली पोथी ऐकावी तसं त्यांचं ऐकतेस."

मला आनंद झाला होता. तो आनंद मला अजून स्वच्छ आठवतो, म्हणून इथून सुरुवात केली.

बार्शीत आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की आजूबाजूच्या गावांतले लोक त्या आमच्याकडे आणत. चंद्रशेखर बिराजदार हे नाव फक्त दुकानाच्या पाटीवर. गाव त्यांना अण्णा म्हणे. लिहिताना मी शेखर म्हणते. तोंडावर कधी म्हटलं नाही. मी तिथल्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. शेखरच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा माझी जुळली आणि मी दिली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. विचार करायला वेळ लागला नाही एवढंच.

दुसऱ्याची किडनी शरीरात आली की शरीर तिला परकी समजतं आणि तिच्यावर तुटून पडतं. ते होऊ नये म्हणून जन्मभर गोळ्या घ्यायच्या. सकाळी आणि संध्याकाळी, ठरल्या वेळी. त्या गोळ्यांनी हात थरथरतो. शेखरचा हात थरथरला तेव्हा तांब्याची बारीक तार त्यांच्या बोटांत बसेना. वाइंडिंगचं काम कारागिराकडे गेलं. हे खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे आणि मोटार कधी मिळेल ते सांगायचे. मोटार नेहमी उद्याच मिळायची. दुकानात खडूनं नावं लिहिलेल्या जळक्या मोटारींची रांग असे आणि त्यांतल्या प्रत्येक मालकाला उद्याचा शब्द दिलेला असे. कुणाला नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं. लग्नाची पंगत असो, जामीन राहायचं असो, कुणाच्या पोराला पुण्याला पोचवायचं असो, समोरच्याचा चेहरा पडलेला त्यांना बघवत नसे. लोक त्यांच्यावर जीव टाकत. मीही टाकला होता.

त्यामुळे हात थांबला तेव्हा मी निरीक्षण नोंदवलं, पण कारण शोधलं नाही. शरीराला सवय झाली असेल, असं धरून चालले.

*

मार्चमध्ये त्यांच्या पायावर सूज आली. तपासणीची तारीख लांब होती, तरी मी रजा टाकून त्यांना सोलापूरला नेलं. एरवी ते एकटेच एसटीनं जात. रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आले. डॉक्टर बोरगावकर कमी बोलणारे. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"अण्णा, गोळ्यांची रक्तातली पातळी निम्म्यावर आलीय. गोळ्या चुकल्यात का?"

शेखर हसले. "छे हो."

"कधीमधी? प्रवासात, लग्नकार्यात? रागावणार नाही मी. खरं कळलं तर उपाय करता येतो."

"नाही डॉक्टर," मी म्हटलं. त्यांनी मला विचारलं नव्हतं. "एकही नाही. माझ्यासमोर घेतात. वेळेचं मी बघते."

"मॅडम, मग ही पातळी कशी आली?"

"एखादं दुसरं औषध आड येत असेल. किंवा गोळ्यांचा हा लॉटच कमी ताकदीचा असेल. तपासून बघता येईल." मी त्यांना आणखी दोन शक्यता सांगितल्या. व्यवस्थित, वर्गात सांगते तशा. शेखर माझ्याकडे कौतुकानं बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "काय बोललीस! डॉक्टरची बोलतीच बंद."

त्यांना दाखल करून घेतलं. सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. शरीरानं तिच्यावर हल्ला सुरू केला होता, आणि तो आजचा नव्हता. बरेच महिने आतल्या आत चालला होता. स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसून डबा खात होते. एक बाई समोर येऊन उभी राहिली. पन्नाशीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हिरवं इरकल. तिच्यामागे एक तरणा माणूस, चांगला धट्टाकट्टा, हातात पिशवी.

"तुमी बार्शीच्या अण्णांच्या मालकीण न्हवं?"

"हो."

"मी म्हटलंच. सिद्राम, पाया पड." तो वाकला. मी पाय मागे घेतले. "आमी अक्कलकोटाकडचं. माझा ल्योक ह्यो. माझीच किडनी हाय त्याला. अण्णा आत हायत म्हून वॉचमन बोलला. काय झालं वो?"

"थोडा त्रास आहे. इंजेक्शनं चालू आहेत."

"हुतील बरं. अशा माणसाला देव काय करत न्हाई." ती माझ्याशेजारी टेकली आणि एकदम माझ्या कुशीकडे बघून म्हणाली, "तुमचं बी डाव्या अंगाचंच काढलं का?"

"हो, डावीच."

"माझं बी. थंडीत वढ लागती बगा. तुमाला लागती?"

"लागते कधी कधी."

आम्ही दोघी हसलो. असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती मला आवडली.

तिनं पिशवी ओढून घेतली. आत ज्वारी होती, खोबऱ्याची वाटी आणि खणाचा तुकडा. "पदर पुढं करा."

"इथं? अहो, कशाला?"

"ओटी भरती. घरी आले असते तर घरी भरली असती. तुमचं लई उपकार हायत बाई. नागपंचमीपासनं अण्णांनी एक म्हैना चुकवला न्हाई. आमी निम्म्या गोळ्या इकत घ्यायचो, निम्म्या त्यांच्या. न्हाई तर ह्याचं काय झालं असतं?"

मी पदर पुढे धरलेला होता. त्यात ज्वारी पडत होती.

"कसल्या गोळ्या?" मी विचारलं.

"ह्याच की, किडनीच्या. अण्णांच्या उरत्यात न्हवं. डॉक्टरनं त्यांच्या कमी केल्यात, म्हणाले. म्हटले, घरात पडून खराब हुत्याल, त्यापरीस तुमी घ्या. बायकोनंच द्यायला सांगितल्यात, म्हणाले. म्हून तर तुमची ओटी."

सिद्राम मान खाली घालून उभा होता. त्याच्या गालांवर तजेला होता. त्याची तपासणी उत्तम आली होती, तेही तिनं सांगितलं. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं. "तुमी दोघांनी यायचंच. अण्णांनी हो म्हटलंय."

तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मी तिला वाकून नमस्कार केला. काय बोलले ते आठवत नाही. ती गेल्यावर पदराची गाठ मारली आणि आत गेले. शेखर नर्सला मोटारीच्या गमती सांगत होते. नर्स हसत होती. मी पाण्याची बाटली भरली आणि बसले.

सकाळच्या गोळ्यांच्या वेळी मी कॉलेजात असे. सकाळचा डोस ते दुकानात घेत. संध्याकाळचा तेवढा माझ्यासमोर. "माझ्यासमोर घेतात," हे मी डॉक्टरांना सांगितलं होतं.

*

घरी आणल्यावर आठवडाभर मी काही बोलले नाही. रविवारी दुपारी ते म्हणाले, दुकानात जाऊन येतो, बसून कंटाळा आला. मीही बरोबर गेले. दुकान बंद होतं. आत व्हार्निशचा वास कोंडला होता. त्यांनी अर्धं शटर वर केलं, स्टुलावर बसले आणि सवयीनं तारेचं रीळ हातात घेतलं.

"सिद्रामची आई भेटली होती," मी म्हटलं.

त्यांनी रीळ खाली ठेवलं नाही. "कशी आहे?"

"मजेत. माझी ओटी भरली तिनं."

"चांगली बाई आहे ती."

"अहो."

त्यांनी तारेचं टोक शोधलं. मग म्हणाले, "तिनं मागितल्या नव्हत्या. औषधाच्या खिडकीसमोर उभी होती, पदरात तोंड घालून रडत. मी म्हटलं, घाबरू नका, माझ्याकडे जास्तीच्या आहेत. तोंडातून गेलं."

"तेव्हा गेलं. पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यात गेटातच उभी होती, माझी वाट बघत. तिथं काय सांगायचं?"

"नाही म्हणून सांगायचं."

"तुला जमतं ते."

"मला का नाही सांगितलंत? आपण डॉक्टरांना विचारलं असतं. सोलापुरात मदत करणारे लोक आहेत. त्याला पुऱ्या मिळाल्या असत्या, तुमच्याही राहिल्या असत्या."

"हेच. तू आधी विचारलं असतंस. मग अर्ज, मग सही-शिक्का. तोवर त्या पोराचं काय? आणि तू नाही म्हणाली असतीस तर मला तिच्या तोंडावर नाही सांगावं लागलं असतं."

"म्हणून माझंच नाव पुढे केलंत. बायकोनं द्यायला सांगितल्यात म्हणून."

"तुझं नाव चांगलं झालं की त्यात."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते गंमत करत नव्हते.

"आणि दर वेळी रक्त तपासायच्या आधी?"

"आधीचे आठ-दहा दिवस पुऱ्या घ्यायचो. तूच मागे सांगितलं होतंस, रक्तातली पातळी चार-पाच दिवसांत सारखी होते म्हणून."

ते मी सांगितलं होतं. जेवताना, साध्या बोलण्यात.

शटरखालून कुणीतरी वाकून बघितलं. "अण्णा! हायत का आत? बरं झालं. लई वंगाळ झालंय." टोपी घातलेला एक म्हातारा आत शिरला. बाहेर एम-एटी गाडीच्या कॅरिअरला मोटार बांधलेली दिसत होती. "परत जळली. वैरण वाळाय लागलीया. उद्या मिळंल?"

"मिळेल की. ठेवा तिथं, मामा."

"नक्की? नायतर तिकडं कुर्डुवाडीला नेतो."

"अहो, अण्णानं सांगितलं ना उद्या म्हणून? चहा घेणार?"

"नगं. तब्येत कशी हाय? वाळलाव जरा."

"एकदम झकास."

रांगेत आधीच मोटारी उभ्या होत्या. मामांनी आपली त्यांच्या शेवटी ठेवली, खडू उचलून स्वतःच नाव लिहिलं आणि मला रामराम करून गेले.

शेखर रिळावरची तार बोटाभोवती गुंडाळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि खरं सांगू का? हात थांबला. पहिल्या महिन्यात कळलं नाही. मग एक दिवस तार धरली आणि बसली बरोबर. नंदा, तीन वर्षं मी माझ्याच दुकानात पाहुण्यासारखा बसत होतो."

"मग सिद्रामचं नाव कशाला घेता?"

"त्याच्यासाठीच दिल्या."

"पण तो नसता तरी सकाळची गोळी सोडलीच असतीत."

"तसं नाही."

"मग कसं?"

"मला वाटलं, दोघांचंही भागतंय," ते म्हणाले. "त्याची किडनी चालतेय, माझा हात चालतोय. कुणाचं काय बिघडलं?"

"माझी किडनी होती ती."

त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं. "तू दिलीस ना? दिल्यावर माझी झाली. मी चुकलो असेन, पण तू असं बोलतेस जशी काही उसनी दिली होतीस."

मी पर्स उचलली आणि पायी घरी आले. पुढे कितीतरी दिवस आम्ही गोळ्यांबद्दल बोललो नाही. आता त्या दोन्ही वेळच्या मी माझ्या हातानं देत होते आणि ते निमूट घेत होते. कपातली वर्तुळं परत आली. किडनी मात्र परत आली नाही. पावसाळा संपता संपता डायलिसिस सुरू झालं.

*

भेटायला येणाऱ्यांना काहीतरी सांगावं लागतं. शेखर काय सांगतात ते मला आधी माहीत नव्हतं. मी बहुतेक वेळ कॉलेजात किंवा स्वयंपाकघरात असे. बाहेरून फक्त चुकचुकणं ऐकू येई.

मग शैला आली. ती शेखरची धाकटी बहीण. उमरग्याला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. नवरा अपघातात गेलेला, प्राची नावाची एकुलती मुलगी दहावीत. शैला खमकी होती. घरात शिरली की आधी कुणाला तरी रागवायची.

"अण्णा, हे काय हाडं दिसायला लागलीत! वहिनी, तुम्ही ह्यांना उपाशी ठेवता का?"

"पथ्य असतं, वन्सं."

"ते असू दे. ऐका दोघं. मी रक्त तपासून आलेय. गट जुळतोय. मी देणार."

शेखर लोडाला टेकले होते. "काय देणार?"

"काय म्हणजे? वांगी! किडनी देणार."

"वेडी आहेस का? प्राचीचं काय?"

"प्राचीला मी सांगितलंय. ती म्हणाली, दे आई, मामा आहे. आता तुम्ही नाही म्हणायचं नाही."

त्यांनी नाही म्हटलं नाही. डोळे पुसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

शैला माझ्याकडे वळली. आवाज खाली आणून, मला लागू नये अशा बेतानं म्हणाली, "वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही देवासारखं केलंत. पण शेवटी परक्या रक्ताची. अण्णा फोनवर म्हणालेच मला, वहिनीची मानवली नाही. रक्ताचं ते रक्ताचं असतं."

मी शेखरकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"हं," ते म्हणाले. "मानवली नाही."

मी आत गेले. गॅसवर दूध होतं, ते उतरवलं. माझ्या आणि त्यांच्या ऊती किती जुळल्या होत्या ते मला आकड्यांसह माहीत होतं. ऑपरेशनच्या टेबलावर जोडताक्षणी किडनी गुलाबी झाली होती आणि काम करू लागली होती. डॉक्टरांनी नंतर मुद्दाम येऊन सांगितलं होतं. तीन वर्षं तिनं एक दिवस तक्रार केली नव्हती. आणि आता बार्शीत घरोघरी, उमरग्याच्या शाळेत, प्राचीच्या समजुतीत ती माझी नालायक किडनी होती.

शैला अंघोळीला गेली तेव्हा शेखर आत आले. मशीन लागल्यापासून ते भिंत धरून चालत.

"तिला काही सांगू नकोस," ते म्हणाले.

"का?"

"ती लहान आहे. तिला वाटेल, अण्णानं वहिनीनं दिलेली किडनी वाया घालवली."

"मग काय झालं?"

"नंदा, तूच बघतेस ना मशीनवर काय होतं ते? डॉक्टर म्हणालेत, माझं हृदय हे फार दिवस सोसणार नाही. ती देतेय. स्वतःहून देतेय. मी तिला कशी नाही म्हणू?"

"या वेळी गोळ्या घ्याल?"

"हो," ते म्हणाले.

तो शब्द मी आयुष्यभर ऐकत आले होते. मामांना दिलेला, सिद्रामच्या आईला दिलेला. ऐकताना प्रत्येक वेळी खरा वाटायचा, कारण म्हणताना ते खरंच म्हणत.

पुढे महिनाभर शैलाच्या तपासण्या झाल्या. दर वेळी मी तिच्याबरोबर सोलापूरला जात असे. एसटीत ती वर्गाच्या वह्या तपासायची आणि मुलांची उत्तरं वाचून हसायची. मी खिडकीबाहेर बघत असे. काय बोलायचं ते माझं ठरत आलं होतं. पण समोर तिचा चेहरा, घरी त्यांचा सुजलेला चेहरा. बोलले तर ते मशीनवरच राहणार आणि मशीनवर ते किती दिवस राहणार हे मला ठाऊक होतं. न बोलले तर हिची एक किडनी जाणार, आणि ती किती दिवस टिकणार हेही मला ठाऊक होतं. बस सोलापूरच्या वेशीत शिरायची आणि मी बोलणं उद्यावर टाकायचे.

*

शेवटची मुलाखत डॉक्टर बोरगावकरांच्या खोलीत होती. शैला, शेखर आणि मी. शैला नवी साडी नेसली होती. केसात शेवंती होती.

"शैलाताई," डॉक्टर म्हणाले, "तुमचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत. हे मी प्रत्येक दात्याला विचारतो, म्हणून तुम्हाला विचारतो. कुणाचा दबाव?"

"माझ्यावर दबाव? मला ओळखत नाही तुम्ही. शाळेचे हेडमास्तर घाबरतात मला."

डॉक्टर हसले. "पुढे तुम्हाला एकाच किडनीवर राहायचंय, ते माहीत आहे?"

"वहिनी राहतातच की."

"आणि यांची पहिली किडनी का गेली, ते माहीत आहे?"

"हो. वहिनींची मानवली नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "असं म्हणता येणार नाही. जोडी फार चांगली होती. गोळ्यांची पातळी कमी सापडली होती. का, ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. अण्णा, आता तरी सांगण्यासारखं काही आहे का? तुमची बहीण सही करायच्या आधी."

"काही नाही डॉक्टर," शेखर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे हात केला. "हिला विचारा ना. सगळं हिच्यासमोरच घ्यायचो. हिनंच सांगितलं होतं तुम्हाला."

सगळे माझ्याकडे बघू लागले. शेखरच्या नजरेत विनवणी नव्हती. खात्री होती.

"संध्याकाळच्या माझ्यासमोर घ्यायचे," मी म्हटलं. "सकाळच्या नाही. सकाळच्या गोळ्या नागपंचमीपासून ते दुसऱ्या एका पेशंटला देत होते. तपासणीच्या आधी आठ-दहा दिवस पुऱ्या घ्यायचे, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. मार्चमध्ये आम्ही न ठरवता आलो, तेव्हा दिसलं. मी तुम्हाला सांगितलं ते मला खरं वाटत होतं. नंतर कळलं."

माझा आवाज नेहमीसारखाच होता. मला वाटलं होतं, तसा राहणार नाही.

शैलानं मान वळवली.

"अण्णा?"

"शैला, तसं नाही गं. एक पोरगं होतं बिचारं, त्याची आई रडत होती—"

"आणि वहिनीची मानवली नाही म्हणालात मला?"

"तुला काय सांगायचं फोनवर? मला सुचलं नाही."

"अख्ख्या गावाला सांगितलंत! मी शाळेत सांगितलं. प्राचीला सांगितलं, मामीची परकी होती म्हणून." तिचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. मग ती माझ्याकडे वळली. "वहिनी, तुम्हाला कधी कळलं?"

"उन्हाळ्यात. तुम्ही यायच्या आधी."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"हो."

तिनं पदरानं नाक पुसलं. शेखरनी टेबलाची कड धरली होती. त्यांचे ओठ कोरडे पडले होते; डायलिसिसच्या आदल्या दिवशी पडत तसे. त्या क्षणी त्यांच्याकडे बघून मलाही भरून आलं. पंचवीस वर्षांचा संसार होता.

"अण्णा," शैला म्हणाली. आता ती वर्गात बोलावं तशी एकेक शब्द सुटा बोलत होती. "झालं ते झालं. मी दिली तर घ्याल सगळ्या गोळ्या? हात थरथरला तरी? कुणी दारात येऊन रडलं तरी?"

"हो," शेखर म्हणाले. लगेच.

शैला त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. ते समोरच्या कागदाकडे बघत होते. मग तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली आणि माझा हात हातात घेतला.

"वहिनी, तुम्ही सांगा. देऊ?"

"नंदा," शेखर म्हणाले.

"नको, वन्सं," मी म्हटलं. "देऊ नका."